पार्किंगमधल्या चार्जरचा विषय : सोसायटी ग्रुप

*सेक्रेटरी:* रविवारच्या सभेत चार्जरचा विषय घेतोय. बी-७०१ यांनी मर्सिडीजची विजेवर चालणारी गाडी, ईक्यूएस, बुक केली आहे. स्वतःच्या पार्किंगमध्ये ७.४ किलोवॅटचा चार्जर हवाय. मीटर आणि खर्च त्यांचाच.

*ए-२०३:* दीड कोटीच्या गाडीसाठी आख्ख्या सोसायटीने डोकेफोड का करायची? चार दिवसांचं फॅड आहे हे.

*बी-५०२:* फॅड नाही हो. १९१४ साली हेन्री फोर्डच्या बायकोकडे, क्लारा फोर्डकडे, डेट्रॉइट इलेक्ट्रिक होती. नवरा पेट्रोलच्या गाड्या विकत होता आणि ही विजेच्या गाडीतून फिरत होती! आत दिवाणखान्यासारख्या गुबगुबीत सीट, वळणदार काचा, स्टिअरिंगच्या जागी दांडा. सुरू करायला पेट्रोल गाडीसारखं हँडल मारायला नको, धूर नाही, आवाज नाही. एका चार्जमध्ये साधारण १३० किलोमीटर जाईल, असं कंपनी सांगायची.

*सी-१०४:* मग बंद का पडल्या काका?

*बी-५०२:* १९१२ मध्ये कॅडिलॅकने बटणावर सुरू होणारी पेट्रोल गाडी आणली, हँडलची कटकट गेली. पेट्रोल गावोगाव मिळू लागलं, वीज मात्र शहरातच. शहराबाहेर चार्ज करणार कुठे? रोल्स-रॉइसवाल्या चार्ल्स रोल्सने तर १९०० सालीच म्हटलं होतं की विजेची गाडी शांत आणि स्वच्छ आहे, चार्जिंगची ठिकाणं झाली की फार उपयोगी पडेल, पण तूर्त बरीच वर्षं तरी नाही. त्याच्या कंपनीची पहिली पूर्ण इलेक्ट्रिक गाडी, स्पेक्टर, लोकांच्या हातात पडायला २०२३ उजाडलं. म्हणून म्हणतो, गाडीपेक्षा प्लगचं बघा.

*ए-२०३:* बरं, पण विजेच्या लोडचं काय? लिफ्ट, पंप बंद पडले तर?

*डी-६०३:* रास्त प्रश्न आहे. ईक्यूएसची बॅटरी जवळपास १०८ युनिटची. ७.४ वर रिकामीची पूर्ण भरायला १५ तास. पण रोज कोण रिकामी करतं? ४०-५० किलोमीटर फिरलं तर रात्री दीड-दोन तासांत काम होतं. खरी गर्दी पुढे आहे. चाकणला ईक्यूएस जोडली जाते, तिथेच महिंद्राची इलेक्ट्रिक बीई ६ पण बनते, ती २० लाखांच्या आत सुरू होते. अशा दहा गाड्या आल्या की प्रत्येकाची वेगळी वायर ओढणार का? एकच केबल ट्रे आणि लोड वाटून देणारे चार्जर आत्ताच ठरवूया.

*ए-२०३:* हे पटतंय. पण लोड लेखी दाखवा, तरच मत देईन.

*सेक्रेटरी:* मंजूर लोड आणि मे महिन्यातला सर्वाधिक वापर, दोन्ही बिलांचे फोटो आज रात्री टाकतो. डी-६०३, शनिवारी इलेक्ट्रिशियनसोबत मीटर रूमला याल का?

*डी-६०३:* येतो. १० वाजता.