मदत हवी आहे: होळीच्या जाळात चेहरेही टिपणारा कॅमेरा

मंडळी, यंदा नंदुरबारकडे काठी गावच्या राजवाडी होळीला जातोय. ही होळी पहाटे पेटते, आणि तिथेच माझं घोडं अडतं. जाळाला धरून एक्स्पोजर लावलं की नाचणाऱ्यांचे चेहरे काळे; चेहरे उजळवले की जाळाचा नुसता पांढरा गोळा. मोरपिसांचा टोप, कमरेचे घुंगरू, अंगावरचे पांढरे ठिपके, मला यातलं काहीच सोडायचं नाही. एचडीआरमध्ये कमी-जास्त एक्स्पोजरचे दोन-तीन फोटो घेऊन जोडेपर्यंत माणूस हललेला असतो.

पुढच्या कॅमेऱ्यात प्रत्येक पिक्सेलला स्वतःची वेगळी शटरवेळ (उजेड घेण्याचा वेळ) मिळायला हवी, असं मनापासून वाटतं. याच्या जवळपास जाणारं आज काही मिळतं का? नसेल तर रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) जाळ सांभाळून सावल्या नंतर उजळवताना किती स्टॉपपर्यंत (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जाता? फ्लॅश मात्र मारायचा नाहीये.