गराजच्या दाराची स्प्रिंग तुटली, बाबा म्हणतात मीच बसवतो

नेपरव्हिलकर

नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे.

आज सकाळी सव्वासहाला गराजमध्ये सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. वॉटर हीटर गेला असं वाटून धावत खाली आलो, तर सगळं जागच्या जागी. मुलीला शाळेत सोडायला निघालो, बटण दाबलं, दार वीतभर उचललं, मोटर कण्हली आणि थांबली. बाहेर उणे २० सेल्सिअस, दोन्ही गाड्या आत. मग वर लक्ष गेलं. दारावरच्या आडव्या दांड्यावर दोन जाड स्प्रिंगा आहेत, त्यातली डावीकडची मधेच तुटून दोन बोटं फट पडली आहे.

दार १६ बाय ७ फुटांचं, पत्र्याचं, आत फोम. घर बांधून ७ वर्षं झाली, स्प्रिंगा पहिल्याच.

आई-बाबा कराडहून आलेत. बाबा ३१ वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, गाड्यांचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बदलण्यात त्यांची हयात गेली. ते म्हणतात, "स्प्रिंग ती स्प्रिंग. दोन लांब स्क्रूड्रायव्हर दे, दुपारपर्यंत बसवतो." शिडी लावून झाली आहे. एका कंपनीला फोन केला तर दार न बघताच ८९० डॉलर सांगितले. स्प्रिंगा, रोलर, केबल, वर मोटरही बदलावी लागेल म्हणे.

बाबांना करू देऊ का? मोटर खरंच गेली असेल का? आणि आज गाडी बाहेर कशी काढू?

एडिसनकर

आधी बाबांना शिडीवरून उतरवा, बाकीचं नंतर. आमच्या शेजाऱ्याने असंच स्क्रूड्रायव्हर घालून स्प्रिंग सोडवायला घेतली. तो निसटला आणि उलटा मनगटावर बसला. दोन ठिकाणी हाड मोडलं, प्लेट घालावी लागली.

तळ्याकाठची

मी मिनेसोटात असते. दारांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात काउंटरवर ६ वर्षं काढली आहेत, अशी तुटलेली स्प्रिंग हातात घेऊन येणारी माणसं रोज बघितली आहेत. पुढचं काकांना वाचून दाखवा.

काका, कराडच्या पेठेत दुकानाचं शटर आकडी लावून ओढलं की वर जातं ना? ते नळीतल्या स्प्रिंगच्या जोरावर. इथेही तसंच आहे. तुमचं दार ६० ते ९० किलोंचं असेल. मोटर ते उचलत नाही, ती फक्त दिशा देते. वजन स्प्रिंगांनी तोललेलं असतं. पाटा बदलताना तुम्ही गाडी जॅकवर घेता, भार उतरवता, मग बोल्ट सोडता. या स्प्रिंगचा भार असा आपोआप उतरत नाही. दार बंद असतं तेव्हाच ती सगळ्यात जास्त पिळलेली असते, ७ फुटी दाराला साधारण साडेसात फेरे. डावी तुटली, पण उजवी आत्ता पूर्ण पिळात आहे. तिच्या टोकाच्या शंकूचे दोन स्क्रू कुणी सैल केले तर तो साडेसात फेऱ्यांचा जोर एका क्षणात मोकळा होतो. कारागीर त्या शंकूच्या भोकांत नेमक्या बसणाऱ्या १८ इंची पोलादी सळया घालतो आणि पाव-पाव फेरा सोडतो. स्क्रूड्रायव्हर त्या भोकात सैल बसतो, म्हणूनच निसटतो. तुमच्या हातात कसब आहे हे मी मानते, पण हे काम माहीत असलेल्यालाच करू द्या. तसंच दाराच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या पट्ट्या, जिथे केबल अडकवलेली असते, त्यांनाही हात लावू नका. तिथेही तोच ताण आहे.

गाडी काढायची तर दार पूर्ण बंद असतानाच ओपनरची, म्हणजे दाराच्या मोटरची, लाल दोरी ओढा, दार मोटरपासून सुटतं. दार उघडं किंवा अर्धवट असताना स्प्रिंग तुटली असेल तर ती दोरी कधीही ओढायची नाही, दार सरळ खाली आदळतं. मग दोन धडधाकट माणसांनी दोन टोकांना धरून, पाय वाकवून, दार खालच्या कडेने उचलायचं. दोन फळ्यांच्या सांध्यात बोटं घालू नका, सांधा मिटताना तुटतील. दार वर गेलं की दोन्ही बाजूंना रोलरच्या खाली ट्रॅकवर क्लॅम्प घट्ट आवळायचे, तोवर कुणी हात सोडायचा नाही. गाडी काढायची आणि तसंच धरून खाली आणायचं. मुलगी आणि आई घरातच थांबू देत. शक्य असेल तर आज शेजाऱ्यांकडून लिफ्ट घ्या, दार तसंच राहू द्या. मी असते तर तेच केलं असतं.

मोटर गेली असं मला वाटत नाही. जड लागलं म्हणून ती थांबली, तिने तेच करायला हवं होतं. मात्र पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. आतलं प्लास्टिकचं गिअर झिजेल नाहीतर सगळ्यात वरची फळी वाकेल, मग खरंच खर्च येईल.

आता पैशांचं. साध्या स्प्रिंगचं आयुष्य १०,००० वेळा उघड-बंद इतकं धरलेलं असतं. तुमच्याकडे दिवसाला चारदा होत असेल तर वर्षाला १,४६०, सात वर्षांत १०,२२०. स्प्रिंगने तिचं काम पुरं केलं, थंडी फक्त निमित्त झाली. उजवीनेही तेवढीच वर्षं काढली आहेत, म्हणून दोन्ही बदला. पण रोलर, केबल, मोटर? बघितल्याशिवाय जो सांगतो त्याला बोलावू नका. दुसऱ्या दोघांना फोन करा आणि विचारा: तारेची जाडी किती बसवणार, किती सायकलची (म्हणजे किती वेळा उघड-बंद होईल अशी), दार तोलून दाखवणार का? तारेची जाडी काकांना जमिनीवरून मोजता येईल, पण काढून ठेवलेल्या स्प्रिंगवर. २० वेटोळी एकमेकांना चिकटवून मोजायची, २० ने भागायचं. ४ आणि ११/१६ इंच भरली तर तार ०.२३४ इंचाची. २५,००० सायकलची स्प्रिंग थोडी महाग पडते, पण तेवढ्याच मजुरीत बसते. दिवसाला चारदा वापर असेल तर ती घ्याच.

बे एरिया सातारकर

ताईंनी लाल दोरीचं सांगितलं, त्यात एक भर. २०१७ च्या वणव्यांत वीज गेली आणि आमच्या उत्तर कॅलिफोर्नियात काही लोकांना, विशेषतः वयस्करांना, दार उघडता येईना. म्हणून जुलै २०१९ पासून इथे बसवायच्या नव्या ओपनरला बॅटरी सक्तीची आहे. दार दुरुस्त झालं की आई-बाबांना दोरी ओढून हाताने दार उघडायला एकदा शिकवाच. तुम्ही ऑफिसात असताना वीज गेली तर ते घरात एकटे असतात.

नेपरव्हिलकर

सगळ्यांचे आभार. बाबांना पूर्ण वाचून दाखवलं. "उजवी आत्ता पिळात आहे" इथे त्यांनी थांबवलं, परत वाचायला लावलं आणि स्वतः शिडी घडी करून ठेवली. मुलीला शेजाऱ्यांनी सोडलं. दुपारी दुसरा कारागीर आला. २५,००० च्या दोन स्प्रिंगा, ४१० डॉलर. मोटर, केबल, रोलर सगळं ठीक आहे म्हणाला. बाबा दोन तास त्याच्या शेजारी उभे होते. भाषा आली नाही तरी पाव-पाव फेरे दोघं मिळून मोजत होते.

आता बाबांना पुढची देखभाल स्वतः करायची आहे. काय काय सांगू?

तळ्याकाठची

वाचून फार बरं वाटलं. काकांसाठी भरपूर काम आहे.

महिन्यातून एकदा दार बंद करून दोरी ओढायची, हाताने कमरेइतकं उचलून सावकाश सोडायचं. तिथेच थांबलं तर तोल बरोबर. खाली घसरलं किंवा वर पळालं तर कारागिराला बोलवायचं. मग दाराखाली मधोमध दोन-बाय-चार इंची लाकडी तुकडा आडवा ठेवून बटणाने बंद करायचं. लाकडाला टेकताच दार उलटं फिरलं पाहिजे. नाही फिरलं तर ओपनर वापरणं बंद. जमिनीपासून ६ इंचांच्या आत बसवलेले दोन फोटो-आय, म्हणजे दारात कुणी आलं तर ओळखणारे डोळे, मऊ फडक्याने पुसायचे, कोळ्याच्या जाळ्यानेही दार बंद व्हायचं नाकारतं. १ जानेवारी १९९३ नंतर इथल्या घरांसाठी बनलेल्या ओपनरला कुणी दाराखाली सापडू नये म्हणून अशी सोय सक्तीची आहे. नात घरात आहे, तेव्हा ही तपासणी चुकवू नका.

वर्षातून दोनदा स्प्रिंगवर, बिजागऱ्यांवर आणि रोलरच्या बेअरिंगवर सिलिकॉन किंवा लिथियमचा स्प्रे. डब्यातलं जाड ग्रीस नको, या थंडीत घट्ट होतं. ट्रॅकला काहीच लावायचं नाही, नुसता पुसायचा. खालचं रबर बर्फाने फरशीला चिकटलं असेल तर बटण न दाबता आधी सोडवून घ्यायचं.

नेपरव्हिलकर

बाबांनी लगेच तपासायला घेतलं. एका कडेच्या बिजागरीला बारीक चीर सापडली. तिच्यावर २ हा आकडा कोरलेला आहे. कुठलीही चालेल का?

तळ्याकाठची

नाही, २ चीच आणा. कडेच्या बिजागऱ्यांचे आकडे खालून वर वाढत जातात, कारण प्रत्येक आकड्याला रोलर दारापासून थोडा जास्त लांब धरला जातो. १ लावली तर रोलर ट्रॅकमध्ये अडकेल. ही मात्र काकांनी खुशाल बदलावी. दार बंद ठेवायचं, ओपनरचा प्लग काढायचा आणि एका वेळी एकच बिजागरी सोडायची.