ओला कचरा घरीच जिरवायचा की गाडीला द्यायचा?

पालापाचोळा:
माझं मत सरळ आहे, ज्यांच्याकडे थोडी हवेशीर जागा आहे त्यांनी ओला कचरा घराबाहेर जाऊच देऊ नये, डब्यात कुजवून घरीच खत करावं. भाज्यांच्या सालींमध्ये बहुतेक पाणीच असतं, म्हणजे आपण गाड्या भरभरून पाणी वाहून नेतो आणि डम्पिंग ग्राउंडवर नेऊन कुजवतो, तिथे ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही म्हणून मिथेन होतो, आणि तो १०० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापवतो. आणि बागेतली वाळकी पानं जाळणारे तर मला कळतच नाहीत, खताचा निम्मा माल धुरात घालवताय तुम्ही!

चौथा मजला:
तत्त्व मान्य, पण सगळ्यांनी घरीच करा हा आग्रह नाही पटत. मोठा ढीग ५५ अंशांच्या वर तापून राहतो तेव्हा रोगजंतू आणि तणाचं बी मरतं, तेवढी ऊब धरायला साधारण एक घनमीटर माल लागतो, तो फ्लॅटमध्ये कुठून आणू? बादलीत काही तापत नाही. शिवाय नीट जमलं नाही तर डबा आतून चिकट होऊन कोंडतो आणि मग घाण वास. त्यापेक्षा वेगळा काढून द्या, बायोगॅस प्लांटमध्ये त्याच मिथेनचं इंधन होतं आणि उरलेली स्लरी, म्हणजे पातळ गाळ, खताला जाते.

पालापाचोळा:
तापलं नाही म्हणून कुजायचं थांबत नाही हो, वेळ जास्त लागतो एवढंच. रोगट झाडं आणि बी धरलेलं तण घालू नका, झालं. वास येतो तो बहुतेक वेळा सुका माल कमी पडल्यामुळे. कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण २५-३० ला १ च्या आसपास लागतं, नुसत्या किचनच्या कचऱ्यात कार्बन कमी असतो, म्हणून एक भांडं सालींवर दोन-तीन भांडी वाळका पाला. मूठभर माल घेऊन घट्ट पिळा, एखाददुसरा थेंब आला तर ओल बरोबर आहे, धार लागली तर पुठ्ठा फाडून घाला आणि तळापासून हलवा. वरचा थर कायम सुका ठेवला की चिलटंही कमी होतात. आणि बायोगॅस छानच, पण तिथे जाणाऱ्या कचऱ्यात लोक प्लॅस्टिक टाकतात त्याचं काय? घरच्या डब्यात काय जातंय ते आपल्याला दिसतं.

कुंडीवाली:
शिजलेलं उरलंसुरलं, तेलकट, मांस-मासळी यावर कुणीच बोलत नाहीये, उंदीर त्यानेच येतात. आणि दुसरं म्हणजे हे काम करतं कोण? बऱ्याच घरांत सगळ्यांचा कचरा आणि एकाच माणसाचे हात, बाकीचे फक्त झाकण उघडून नाक मुरडतात. डबा ठेवायच्या आधी पाळी ठरवा.

चौथा मजला:
हे अगदी खरं. पाला साठवायलाही जागा लागते, ती माझ्याकडे नाही. मी वेगळा काढून गाडीलाच देणार.

पालापाचोळा:
मग निदान प्लॅस्टिकच्या पिशवीत न बांधता द्या. आणि ज्यांचं खत होतंय त्यांनी घाई करू नका, साल ओळखू येतेय तोवर कुंडीत घालू नका, अर्धवट कुजलेला माल मातीतला नायट्रोजन ओढतो आणि रोप पिवळं पडतं.