जीआरसीएच38 वर (मानवी जीनोमचा रेफरन्स) सीबीएस जीनमध्ये एकही व्हेरिएंट (रेफरन्सपेक्षा वेगळा बेस) येत नाही, काय तपासू?

जनुकवेडी:
एक्झोम (एक्झॉनांचं, म्हणजे जीन्सच्या प्रथिन घडवणाऱ्या भागांचं सिक्वेन्सिंग) आहे, 150 बेसचे पेअर्ड रीड्स (डीएनएचे वाचलेले तुकडे, जोडीने), सरासरी डेप्थ (एका जागेवर पडलेले रीड्स) 100. होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल) खूप वाढलेलं, ते कमी करणाऱ्या एन्झाइमचा जीन म्हणून सीबीएसवर लक्ष. रीड्स रेफरन्सवर बसवायला बीडब्ल्यूए-मेम आणि व्हेरिएंट शोधायला जीएटीकेचा हॅप्लोटाइपकॉलर वापरलाय. सीबीएसमध्ये नेहमीचे पॉलिमॉर्फिझमसुद्धा येत नाहीत. हाच डेटा एचजी19 वर (आधीचा रेफरन्स) चालवला की कॉल (सापडलेले व्हेरिएंट) दिसतात. फिल्टर सैल करू की कॉलर बदलू?

रीडमाळी:
दोन्ही नको, घोळ रेफरन्समध्येच आहे. जीआरसीएच38 मध्ये क्रोमोसोम 21 वर 6.4 एमबीच्या (दशलक्ष बेस) आसपास सीबीएसची एक खोटी प्रत शिरलेली आहे. खरा जीन 43 एमबीला. दोन्ही जागा जवळपास हुबेहूब, त्यामुळे अलाइनर निम्मे रीड्स इकडे, निम्मे तिकडे टाकतो आणि मॅपक्यू (रीडची जागा बरोबर असल्याची खात्री) 0 देतो. हॅप्लोटाइपकॉलर मॅपक्यू 20 खालचे रीड्स विचारातच घेत नाही. सॅमटूल्स डेप्थ (डेप्थ मोजणारी कमांड) दोनदा चालवा: एकदा मॅपक्यूची अट न घालता, एकदा 20 ची अट घालून. आधी 50 च्या आसपास आणि मग जवळपास 0 आलं, की समजा हेच.

उपाय म्हणजे खोटी प्रत एन (अज्ञात बेसची खूण) टाकून झाकणं. बेडटूल्सच्या मास्कफास्टाने होतं, पण जीनोम इन अ बॉटलच्या (जीनोमची मानकं बनवणारा प्रकल्प) गटाने तयार केलेला मास्क्ड रेफरन्स घेतलेला बरा. त्यात केसीएनई1, सीआरवायएए या जीन्सच्या खोट्या प्रतींचाही बंदोबस्त आहे. बीडब्ल्यूए इंडेक्स, फाय आणि डिक्ट (रेफरन्ससोबतच्या सूची-फाइल्स) नव्याने बनवा. लांबी बदलत नाही, म्हणून जुनी बेड फाइल (तपासायच्या जागांची यादी) चालते. फक्त 43 एमबीचे रीड्स काढून पुन्हा अलाइन करू नका, निम्मे तिकडे राहतील.

बेसजोडी:
फास्टक्यू (कच्च्या रीड्सची फाइल) हाताशी नसेल तर बॅमवर (अलाइन झालेल्या रीड्सची फाइल) आधी सॅमटूल्स कोलेट (जोडीचे रीड्स शेजारी आणणं), मगच फास्टक्यू. कोऑर्डिनेटने लावलेल्या बॅममधून थेट काढलं तर जोड्या विस्कटतात. जुना रेफरन्सही पुसू नका, जुन्या क्रॅममधलं (बॅमचं आटोपशीर रूप) क्रोमोसोम 21 त्याच्याशिवाय वाचता येणार नाही.

आणि कॉल आले की लगेच रिपोर्ट लिहू नका! सी.833टी>सी (833 व्या जागी टीऐवजी सी) दिसला तर आयजीव्हीमध्ये (रीड्स दाखवणारं सॉफ्टवेअर) एक्झॉन 8 च्या सुरुवातीला सॉफ्ट-क्लिप रीड्स (ज्यांचं टोक रेफरन्सशी जुळत नाही असे) शोधा. तिथे 68 बेसचं इन्सर्शन (844आयएनएस68) बऱ्याच लोकांत असतं. ते क्रोमोसोमच्या त्याच प्रतीवर असेल तर स्प्लायसिंगमध्ये (आरएनएची काटछाट) तो भाग गळतो आणि बदल निरुपद्रवी ठरतो. छोट्या रीड्समध्ये इन्सर्शन निसटतं, एकटा टी>सी उरतो आणि रोगकारक वाटतो. पीसीआर करा, 68 बेसने मोठा बँड दिसतो का बघा.