मदत हवी आहे: पाचव्या स्लॉटमधल्या ब्लेडचा निळा दिवा विझतच नाही

रात्रपाळी_इंदूर:
मंडळी, आमच्या कॉल सर्व्हरची (फोनचे कॉल जोडणारा) देखभाल महिन्याभरापूर्वी माझ्या गळ्यात पडली. ज्या काकांकडे होती ते निवृत्त झाले. चौदा स्लॉटची एटीसीए चॅसी आहे, म्हणजे ब्लेड (कार्डासारखे सर्व्हर) खोचायची टेलिकॉमची पेटी. सातव्या-आठव्यात स्विच, चौथ्या-पाचव्यात सर्व्हर ब्लेड, त्या दोघांचा क्लस्टर, एक पडलं तर दुसरं काम घेतं. ब्लेडना चालू-बंद करणारे दोन शेल्फ मॅनेजर, वीजपुरवठ्याच्या उणे ४८ व्होल्टच्या ए आणि बी अशा दोन फीड.

शनिवारी फिल्टर झाडले (बोटभर धूळ!), तेव्हा पाचवं ब्लेड काढून परत बसवलं. तेव्हापासून निळा दिवा जवळजवळ सेकंदभर पेटतो, डोळ्याचं पातं लवेपर्यंत विझतो, परत पेटतो. ब्लेड बूटच होत नाही. सगळा भार चौथ्यावर आलाय, आणि रंगपंचमी तोंडावर. गेरच्या (रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या) दिवशी इथे फोनचं काय होतं ते इंदूरकरांना सांगायला नको. सर्व्हिसवाले म्हणतात बोर्ड गेलं, नवीन घ्या. चॅसी एकदा पूर्ण बंद करून चालू करू का?

जुना_तारवाला:
अजिबात नको! चौथं चालू आहे ना, तेही घालवाल.

बोर्ड गेलंय असं मला तरी वाटत नाही. खालचं हँडल नीट मिटलं नसतं तर दिवा स्थिर निळा राहिला असता. वीज कमी पडत असती तर दिवा विझून ब्लेड पुढच्या पायरीवर अडकलं असतं. असा लांब लुकलुकतोय म्हणजे ब्लेड म्हणतंय, ‘मी आलो, आत घ्या’, आणि शेल्फ मॅनेजर होकार देत नाहीये. चॅसीच्या माहितीत प्रत्येक स्लॉटपुढे ‘आपोआप चालू करायचं की नाही’ अशी खूण असते. पाचव्याची बघा.

बडोदेकर_पल्लवी:
खूण बंद निघाली तर लगेच हाताने चालू करू नका हं. आधी दोन्ही स्विचमधून हार्टबीट (ब्लेड एकमेकांना पाठवतात तो ‘मी जिवंत आहे’चा संदेश) जातेय का ते बघा. दोन्ही वाटा बंद असतील तर पाचवं समजेल चौथं मेलं, आणि दोघं एकच आयपी पत्ता धरून बसतील. आमच्याकडे हा तमाशा पहाटे चार वाजता झालाय.

रात्रपाळी_इंदूर:
खूण बंदच होती! काकांना फोन लावला. म्हणाले, “अरे, मीच बंद केली होती. ब्लेड बंद पडून परत उठलं की न विचारता क्लस्टरमध्ये घुसायचं. रजिस्टर बघितलंस का?” शेवटच्या पानावर लाल शाईत लिहिलंय: ‘स्लॉट ५ हाताने चालू करणे.’

हार्टबीट तपासली, दोन्ही वाटा ठीक. शेल्फ मॅनेजरवरून ॲक्टिव्हेटची आज्ञा दिली, दिवा विझला, वीस मिनिटांत पाचवं क्लस्टरमध्ये आलं. खूण तशीच बंद ठेवलीय. पण ब्लेड मुळात का पडायचं, हे काकांनाही माहीत नाही. त्यावर कुणाला काही सुचतंय का?