लाव्हात बुडायचं म्हटलं तरी बुडता येत नाही

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या भूमिका-खेळात ‘लाव्हाला पाय लागला की कॅरेक्टर खलास, फासे टाकायचेच नाहीत’ असं कुणी म्हटलं तर ते खऱ्याच्या जवळ आहे, पण त्यात गंमत काय राहिली? खेळाच्या २०१४च्या नियमांत लाव्हातून चालायला १०डी१० (दहा बाजूंचे दहा फासे टाकून येईल तेवढं नुकसान) आणि पूर्ण बुडाल्यास १८डी१०, म्हणजे सरासरी ५५ आणि ९९. आता बेसाल्टचा लाव्हा पाण्याच्या अडीचपटीहून जड. लोखंडी चिलखतासकट योद्धा पडला तरी अर्धा वरच राहणार. त्यामुळे १८डी१० फक्त ड्रॅगनने वरून दाबून धरलं तरच लावा.

त्याहून भारी माझा नियम, नाण्यांच्या थैलीचा. आपल्या ठाण्याजवळच्या पारसिकच्या डोंगराचा बेसाल्ट दगड वितळलेला असताना साधारण ११५० अंश सेल्सिअस धरा. पोलाद टिकतं, पण चांदी ९६२ला, सोनं १०६४ला आणि तांबं १०८५ला वितळतं. म्हणून थैली लाव्हात गेली की सगळ्या नाण्यांचा एकच गोळा. वजन तेच, ५० नाण्यांना एक पाउंड, पण गावातला दुकानदार ठाण्याच्या जांभळी नाक्यावरच्या सराफासारखी घट धरणार. फायर रेझिस्टन्सचं, म्हणजे आगीचं नुकसान निम्मं करणारं, औषध पिऊन उतरलेल्यालाही सूट नाही, औषध त्याने प्यायलंय, थैलीने नाही. प्लॅटिनमची नाणी तेवढी शाबूत, १७६८ अंशांपर्यंत.