सगळी सत्ता हातात असून सरकार बंद पडतंच कसं? शटडाऊनच्या भांडणात ६० चा घोळ

खटपट्या

अमेरिकेतल्या शटडाऊनवरून दोन्ही बाजूंचे समर्थक भांडतात तेव्हा गाडी हमखास एकाच जागी अडते. २०२५ चंच बघा.

डेमोक्रॅटवाला: "व्हाइट हाऊस तुमचं, सिनेट तुमचं, हाऊस तुमचं. मग सरकार बंद पाडलं कोणी?"
रिपब्लिकनवाला: "सिनेटमध्ये आम्ही ५३. पैशाचं बिल पुढे सरकायला ६० लागतात. ती सात मतं तुम्ही दाबून ठेवलीत."
डेमोक्रॅटवाला: "जुलैत तुमचं ते भलंमोठं बिल ५१-५० ने झालं की! तेव्हा कुठे गेले होते तुमचे ६०?"

इथून पुढे मुद्दा संपतो आणि एकमेकांचा उद्धार सुरू होतो. हा ६० चा आकडा घटनेत आहे का? एका बिलाला ५१ पुरतात आणि दुसऱ्याला नाही, हे ठरवतं कोण? आणि बहुमतवाले ही अट उडवू शकतात म्हणे, मग उडवत का नाहीत? दोष कोणाचा ते नका सांगू, यंत्र कसं चालतं तेवढं सांगा.

नियम_बावीस

घटनेत ६० नाही. घटनेत दोन-तृतीयांश आहे, तेही मोजक्या कामांना: तह, नकाराधिकार फिरवणं, महाभियोगात दोषी ठरवणं, सभासदाला काढणं, घटनादुरुस्ती. ६० हा सिनेटच्या स्वतःच्या नियम २२ चा आकडा. १९१७ मध्ये नियम झाला तेव्हा दोन-तृतीयांश लागत, १९७५ मध्ये ते तीन-पंचमांशावर आणलं.

लोक गोंधळतात ते इथे. बिल पास व्हायला साधं बहुमतच लागतं. पण सिनेटमध्ये नुसत्या बहुमताच्या जोरावर चर्चा बंद करता येत नाही, आणि चर्चा बंद झाल्याशिवाय मतदान होत नाही. चर्चा बंद करण्याच्या ठरावाला क्लोचर म्हणतात आणि ६० लागतात ते त्याला. कृती अशी: १६ सिनेटरांच्या सह्यांचा अर्ज द्यायचा, मध्ये कामकाजाचा एक दिवस जाऊ द्यायचा, त्याच्या पुढच्या दिवशी सिनेट बसल्यावर तासाभराने मतदान. ६० मिळाले तरी त्यानंतर ३० तासांपर्यंत चर्चा शिल्लक असते. वर गंमत म्हणजे 'बिल चर्चेला घेऊ या' हा ठरावसुद्धा अडवता येतो, म्हणजे हीच कसरत दोनदा. विरोधकांनी रेटून धरलं तर एका बिलात आठवडा सहज जातो.

अजून एक बारकावा भांडणात कोणी धरत नाही. ६० हे हजर असलेल्यांपैकी नव्हे, शपथ घेतलेल्या एकूण सिनेटरांपैकी. त्यामुळे गैरहजर राहणं आणि 'नाही' म्हणणं याचा परिणाम एकच. अडवणाऱ्यांनी सभागृहात फिरकायचीही गरज नाही, माणसं जमवायची जबाबदारी पूर्णपणे बहुमतवाल्यांची. रात्रभर उभं राहून बोलणारा सिनेटर हे चित्र डोक्यातून काढा. थर्मंड १९५७ मध्ये २४ तास १८ मिनिटं बोलले खरे, पण आता 'आमची संमती नाही' एवढा निरोप नेत्याकडे गेला की बिल लटकतं.

आता ५१-५०. ती वाट वेगळी, रिकन्सिलिएशनची, १९७४ च्या बजेट कायद्यातली. तिथे चर्चेला कायद्यानेच २० तासांची मर्यादा आहे. चर्चा आपोआप संपते, म्हणून क्लोचर नको, म्हणून ६० नको. पण अटी कडक. आधी दोन्ही सभागृहांनी बजेट ठराव करायचा. मग बिलातल्या प्रत्येक कलमाचा खर्चावर किंवा महसुलावर थेट परिणाम दिसला पाहिजे, तो 'जाता जाता' होणारा असून चालत नाही. सोशल सिक्युरिटीला (सरकारी पेन्शन योजनेला) हात लावायचा नाही. याला बर्ड नियम म्हणतात. कुठलं कलम बसतं आणि कुठलं नाही, याचा सल्ला सिनेटची पार्लमेंटेरियन, म्हणजे नियमांची जाणकार अधिकारी, देते. २०२१ मध्ये १५ डॉलर किमान वेतनाचं कलम असंच गळालं, तेव्हा सत्ता डेमोक्रॅटांची होती.

म्हणजे तुमच्या भांडणातली दोन्ही वाक्यं खरी आहेत, फक्त ती दोन वेगळ्या बिलांबद्दल आहेत. जुलैचं बिल कर आणि कायमस्वरूपी योजनांचं होतं, ते रिकन्सिलिएशनने गेलं. खात्यांचा वार्षिक खर्च त्या वाटेने नेत नाहीत. तो नेहमीच्या रस्त्याने जातो आणि त्या रस्त्यावर ६० चा नाका आहे.

बारा_बिलं

वरच्या उत्तराला जोडून, शटडाऊनमध्ये नेमकं काय बंद होतं ते सांगतो, कारण निम्मी भांडणं तिथल्या चुकीच्या माहितीवर चालतात.

आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्याआधी खर्चाची १२ बिलं व्हायला हवीत. ती होत नाहीत, म्हणून जुन्याच आकड्यांवर काही आठवडे ढकलणारं तात्पुरतं बिल आणतात. तेही अडकलं की अँटिडेफिशियन्सी कायदा आड येतो: मंजुरी नसताना सरकारी खात्याने खर्चाची जबाबदारी घ्यायची नाही. कायदा जुना, पण १९८० पर्यंत मंजुरी संपली तरी कचेऱ्या चालूच राहत. १९८०-८१ मध्ये ॲटर्नी जनरल सिव्हिलेटी यांनी मतं दिली की जीवित-मालमत्तेच्या रक्षणासारखी कामं सोडून बाकी थांबवा. आज दिसतो तो शटडाऊन तिथून सुरू झाला.

"आजीचं पेन्शन थांबणार" हे खोटं. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) यांना दरवर्षी मंजुरी लागत नाही. टपाल स्वतःच्या कमाईवर चालतं. विमानतळावरचे तपासनीस आणि हवाई वाहतूक नियंत्रक कामावर येतात, फक्त पगार अडकतो. २०१९ च्या कायद्याने थकलेला पगार मागाहून देण्याची हमी दिली आहे.

"काही फरक पडत नाही" हेही तितकंच खोटं. स्नॅप, म्हणजे अन्नधान्याची मदत, हा कायद्याने मिळणारा हक्क आहे, पण त्याचा पैसा वार्षिक बिलातून येतो. म्हणून २०२५ मध्ये नोव्हेंबरची मदत अडकली आणि प्रकरण कोर्टात गेलं. व्हिसावाल्यांच्या बाबतीतही असंच अर्धं-अर्धं: इमिग्रेशन खातं मुख्यतः फीवर चालतं म्हणून चालू, पण एच-१बी आधी कामगार खात्याकडून जो एलसीए (पगार आणि कामाच्या अटींचा मंजूर अर्ज) लागतो ते काम वार्षिक मंजुरीवर, म्हणून ते थांबतं.

आणि कृपा करून नुसते दिवस मोजून 'तुमचा शटडाऊन मोठा' म्हणू नका. २०१८-१९ चा ३५ दिवस चालला, पण १२ पैकी ५ बिलं आधीच झाली होती, संरक्षण खातं सुरळीत होतं. २०२५ चा ४३ दिवसांचा, तोपर्यंतचा सर्वात लांब, आणि त्यात बारापैकी एकही बिल झालेलं नव्हतं.

सडेतोड

'अट उडवत का नाहीत' हे राहिलं. नियम रीतसर बदलायला ६७ लागतात (सगळे हजर असतील तर). आडवाट अशी: नेत्याने उठून हरकत घ्यायची की अमुक कामाला साधं बहुमत पुरे. अध्यक्षस्थानी असलेली व्यक्ती नियमाप्रमाणे हरकत फेटाळते. मग त्या निर्णयावर अपील. अपिलाला साधं बहुमत लागतं, आणि ५१ जणांनी निर्णय उलटवला की तोच नवा पायंडा. नियमपुस्तिकेत एक अक्षर बदलत नाही! याला न्यूक्लियर ऑप्शन म्हणतात.

आणि हे दोघांनीही केलंय. २१ नोव्हेंबर २०१३ ला डेमोक्रॅटांचे सिनेटमधले नेते हॅरी रीड यांनी ५२-४८ ने खालच्या कोर्टांचे न्यायाधीश आणि सरकारी नेमणुका मोकळ्या केल्या. एप्रिल २०१७ मध्ये रिपब्लिकनांचे सिनेटमधले नेते मॅकॉनेल यांनी तेच सुप्रीम कोर्टासाठी केलं. बिलांसाठी मात्र अजून अट आहे. जानेवारी २०२२ मध्ये मतदान हक्कांच्या बिलासाठी डेमोक्रॅटांनी प्रयत्न केला, त्यांच्यातलेच मॅन्चिन आणि सिनेमा फिरले, ४८-५२. ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी ट्रम्प यांनी अट उडवा म्हणून सांगितलं, त्यांच्याच पक्षाचे सिनेटमधले नेते थून तयार झाले नाहीत.

म्हणून "६० लागतात, आमचा नाइलाज" हे माझ्या मते अर्धंच खरं. नाइलाज नाही, निवड आहे. उद्या विरोधात बसल्यावर हेच हत्यार लागणार हे एक. दुसरं कोणी उघड बोलत नाही: स्वतःच्या पक्षाची जी बिलं काही सिनेटरांना मनातून नको असतात, ती ६० च्या आड परस्पर मरतात. "आम्ही आणलं होतं, त्यांनी अडवलं" म्हणायला मोकळे.

उलट बाजूही ऐका. "तिन्ही तुमचं, दोष तुमचाच" म्हणणाऱ्यांना जानेवारी २०१८ विचारा. तेव्हाही तिन्ही रिपब्लिकनांकडे होतं, 'डाका'च्या (लहानपणी बेकायदा आणल्या गेलेल्या स्थलांतरितांना संरक्षण देणाऱ्या योजनेच्या) प्रश्नावर सिनेटमध्ये डेमोक्रॅटांनी अडवलं आणि तीन दिवस बंद. त्यांचं तेव्हाचं म्हणणं तेच होतं जे २०२५ मध्ये आरोग्यविम्याच्या वाढीव सवलतींवरून होतं: मत हवं तर बोलणी करा. २०१३ मध्ये उलटं, ओबामाकेअरचा (ओबामांच्या आरोग्यविमा कायद्याचा) पैसा काढा ही अट हाऊसच्या रिपब्लिकनांची, १६ दिवस बंद.

खटपट्या

समजलं. पण मग एक स्क्रीनशॉट फिरतो त्याचं काय? २०१८ च्या मतदानात मॅकॉनेल यांचं स्वतःच्याच बिलाविरुद्ध 'नाही' दिसतं. "त्यांच्या नेत्यालाच नको होतं" असा त्यावर मजकूर.

नियम_बावीस

तो डाव नियमातला आहे. हरलेलं मतदान पुन्हा घेण्याची मागणी जिंकलेल्या बाजूने मत दिलेला किंवा मतच न दिलेला सदस्य करू शकतो, हरलेल्या बाजूचा नाही. क्लोचर पडणार हे दिसलं की बहुमताचा नेता शेवटच्या क्षणी आपलं मत 'नाही'कडे फिरवतो आणि लगेच फेरविचाराचा ठराव नोंदवून ठेवतो. म्हणजे नव्याने अर्ज-सह्या-वाट बघणं टळतं. जानेवारी २०१८ चं मतदान ५०-४९ आहे, बहुमत 'हो'चं असून पडलेलं, आणि मॅकॉनेल त्या ४९ मध्ये आहेत ते याच कारणाने.

सिनेटच्या संकेतस्थळावर प्रत्येक मतदानाचं पान असतं. नावं बघण्याआधी वरच्या दोन ओळी वाचा: मतदान कशावर होतं (क्लोचरवर, चर्चेला घेण्यावर की प्रत्यक्ष बिलावर) आणि किती मतं लागत होती (१/२ की ३/५). स्क्रीनशॉटमध्ये नेमक्या ह्याच ओळी कापलेल्या असतात. ९ नोव्हेंबर २०२५ च्या मतदानात ६०-४० दिसेल. ते क्लोचर. त्यात ५२ रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटांच्या गोटातले ८. ५३ वे रिपब्लिकन रँड पॉल यांचं 'नाही' मात्र खरोखरचं होतं, डाव नव्हता.

बारा_बिलं

हाऊसचं मतदान पुरावा म्हणून कोणी टाकलं तर तिथे ३/५ शोधत बसू नका. चर्चेची वेळ तिथली रूल्स कमिटी आधीच ठरवते, तिथे फिलिबस्टर (चर्चा संपू न देता बिल अडवणं) नाही. १२ नोव्हेंबरला तेच बिल २२२-२०९ ने झालं आणि त्याच रात्री सही होऊन कचेऱ्या उघडल्या. ३० जानेवारी २०२६ पर्यंतच्या मुदतीवर.